सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग का करायचं आहे, हे पानभर कसं लिहू?

तुझा प्रश्न असा: देवगडला बारावी झाली, घरी हापूसची कलमं आहेत, प्रवेशासाठी 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग का?' यावर पानभर लिहायचंय आणि 'लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड' यापुढे काही सुचत नाही.

ते वाक्य खोडून टाक, त्यातून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. पगार हे कारण असेल तर एका ओळीत सरळ लिही. घराला हातभार लावायचाय यात लपवण्यासारखं काही नाही. उरलेलं पान मात्र पुऱ्या केलेल्या एका कामाने भरू दे. ते काम तुझ्या घरातच आहे: वाशीच्या बाजारातून दलालाची येणारी पट्टी, म्हणजे विकलेल्या आंब्याच्या हिशेबाचा कागद.

मागच्या हंगामाच्या पट्ट्या काढ आणि त्यांचा हिशेब पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मांड. नोंदी तक्त्यांत साठवणारा एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पायथनसोबतच येतो, तो चालायला इंटरनेट लागत नाही. दोन तक्ते कर. एकात पट्टी: तारीख, दलाल, गाडीभाडं, हमाली. दुसऱ्यात तिच्यावरच्या ओळी: किती डझनी पेटी, किती पेट्या, काय भाव. सगळं एकाच तक्त्यात कोंबलंस, तर एका पट्टीवर चार डझनी आणि सहा डझनी अशा दोन ओळी आल्या की गाडीभाडं दोनदा वजा होईल.

मग अडचणी सुरू होतील, आणि पानावर लिहायचं ते खरं हेच. रुपये दशांशात ठेवलेस तर ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण संगणक आकडे द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून ठेवतो आणि एक दशांश तिथे कधी पुरा होत नाही. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेव. तरीही १००० रुपये भाडं तीन बागायतदारांत वाटलं की प्रत्येकी ३३३ रुपये ३३ पैसे होतात आणि एक पैसा उरतो. तो कोणाच्या नावावर घालायचा, हे प्रोग्राम लिहिण्याआधी माणसांना विचारून ठरवावं लागतं. असं विचारणं हा या शिक्षणाचा फार मोठा भाग आहे, कोडिंगच्या क्लासात तो सहसा कोणी सांगत नाही.

तारीख '०५-०५-२०२५' अशी मजकूर म्हणून ठेवलीस तर ५ मे १० एप्रिलच्या आधी लागतो. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिही. दलालाचं नाव एकदा 'शेठ' लावून आणि एकदा न लावता लिहिलं की दोन माणसं होतात, म्हणून प्रत्येकाला क्रमांक दे. आणि वळवाच्या दिवसांत वीज जाणारच, तेव्हा पट्टी आणि तिच्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं जतन होतं, नाहीतर काहीच नाही) जतन कर, नाहीतर अर्धी पट्टी आत राहते.

पुढची आशाही इतकीच नेमकी लिही. हाच हिशेब वाडीतल्या पाच घरांनी मोबाइलवर ठेवावा, रेंज नसतानाही. रेंज आली की तीच नोंद दोनदा जाऊ शकते, म्हणून प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक हवा. हे नीट करायला डेटाबेस आणि नेटवर्क शिकायचंय, असं लिहिलंस की कारण आपोआप पटतं.

एक व्यवहाराची गोष्ट. पर्यायांच्या यादीत 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' बहुतेक ठिकाणी सापडणार नाही. शाखेचं नाव कॉम्प्युटर इंजिनिअरिंग किंवा इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी असतं आणि हा त्यातला एक विषय. लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ किंवा रत्नागिरीचं फिनोलेक्स कॉलेज पाहताना याच नावांनी शोध.