नव्या आशाताईला: रोटाचा डोस आणि बाळाचं पोट

अगं, रोटाची, म्हणजे जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरची, लस तोंडातून, ६, १० आणि १४ आठवड्यांना, हे तुला प्रशिक्षणात सांगितलंच असेल. पुढचं तिथे घाईत उरकतात.

क्वचित एखाद्या बाळाचं आतडं आतड्यातच सरकतं, शर्टाची बाही उलटी आत जावी तसं. लस न घेतलेल्या बाळांनाही होतं, बहुतेक वर्षाच्या आतच. अमेरिकेत रोटाची पहिली लस याच कारणाने १९९९ मध्ये मागे घेतली होती. आत्ताच्या काही लसींनंतरही थोडा धोका दिसलाय, पण जुलाबाने सुकणारी बाळं त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा घाबरून डोस चुकवू देऊ नकोस.

ओळखायचं कसं? बाळ एकदम कळवळतं, पाय पोटाशी घेतं, मग पंधरा-वीस मिनिटं गप्प. पुन्हा तेच. उलट्या, नंतर हिरवट. मधल्या शांततेनेच घात होतो. एका घरी आजी म्हणाली, "बघा, घुटीने बरं वाटलं," आणि मीही मान डोलावली! लाल जेलीसारखी शी उशिरा दिसते, तिची वाट बघायची नाही.

अशा वेळी ओआरएस पाजत बसू नकोस, ते साध्या जुलाबाला. तोंडाने काही न देता सोनोग्राफी आणि बाळांचे सर्जन असतील तिथे थेट पाठव. वेळेत पोचलं तर गुदद्वारातून हवा किंवा पाणी सोडून आतडं सरळ करतात, बरेचदा ऑपरेशन टळतं. लसीचं कार्ड सोबत दे, डोसची तारीख डॉक्टर विचारतातच.