फायबर असताना फोटॉनिक चिप कशाला?

तुझा प्रश्न असा की ऑप्टोजेनेटिक्सला (म्हणजे प्रकाशाने न्यूरॉन चालवायला) साधं ऑप्टिकल फायबर मेंदूत घालून भागतंय, तर प्रकाश वाहून नेणाऱ्या चिपचा एवढा खटाटोप कशाला. प्रश्न रास्त आहे, मलाही सुरुवातीला हाच पडला होता.

चॅनेलरोडॉप्सिन-२ हे मूळचं शेवाळातलं प्रोटीन, २००५ मध्ये ते न्यूरॉनमध्ये चालवून दाखवलं. ते ४७० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने उघडतं आणि न्यूरॉन पेटतो, म्हणजे सिग्नल देतो, आणि नेमका निळा प्रकाश मेंदूत इतका विखुरतो की मिलिमीटरभर आत जाईस्तोवर अगदी थोडा उरतो, मग खोलवरच्या थॅलॅमससारख्या भागाचं तर नावच नको. म्हणजे आत काहीतरी घालावं लागणारच. नेहमीचं फायबर घातलंस तर साधारण २०० मायक्रॉनचा दांडा टिश्यू चिरत जातो आणि टोकाला दिवा एकच, समोर येतील ते सगळे न्यूरॉन एकदम पेटणार. वरचा थर आधी आणि खालचा पाच मिलिसेकंदांनी पेटवायचाय? एका साध्या फायबरने नाही जमत.

चिपचा खरा फायदा इथे आहे. सिलिकॉनच्या पातळ सुईवर सिलिकॉन नायट्राईडचे वेव्हगाईड, म्हणजे प्रकाशाच्या बारीक वाटा, काढतात (सिलिकॉन स्वतः निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून नायट्राईड), प्रत्येक वेव्हगाईड वेगवेगळ्या खोलीवर संपतो आणि तिथलं ग्रेटिंग (बारीक समांतर खाचा) प्रकाश बाजूला फेकतं. न्यूरोपिक्सेल्स ऑप्टो नावाच्या अशाच एका प्रोबच्या ७० मायक्रॉन रुंद सुईवर ९६० इलेक्ट्रोड आणि निळ्या-लाल प्रकाशाची प्रत्येकी १४ ठिकाणं आहेत, म्हणजे पेटवायचं आणि तिथेच ऐकायचं. सुईवर सरळ एलईडी बसवणारेही आहेत, पण त्यात उष्णता आतच तयार होते आणि एखाद्या डिग्रीनेसुद्धा न्यूरॉनचं फायरिंग बदलू शकतं, मग परिणाम प्रकाशाचा की उष्णतेचा हे ठरवत बस. वेव्हगाईडमध्ये लेसर डोक्याबाहेर राहतो.

आता जिथे खरा घाम निघतो ते सांगतो, कपलिंग, म्हणजे लेसरचा प्रकाश फायबरमधून चिपमध्ये उतरवणं. बाहेरचं फायबर चिपच्या कडेला मायक्रोस्कोपखाली जुळवायचं, पॉवर मीटरचा आकडा चढताना बघून जीव हरखतो, मग यूव्ही ग्लू लावून लाईट मारला की ग्लू आकसतो, फायबर मायक्रॉनभर सरकतं आणि आकडा डोळ्यांदेखत खाली येतो. माझे कितीतरी प्रोब असेच गेलेत. त्यात निळ्याची वेव्हलेंग्थ छोटी, म्हणून वेव्हगाईडच्या भिंतींचा खरखरीतपणाही जास्त नडतो. चॅनेलरोडॉप्सिनला साधारण १ मिलिवॅट प्रति चौरस मिलिमीटर लागतं, तेव्हा लेसरवरचा आकडा धरू नकोस, सुई आत घालण्याआधी प्रत्येक ग्रेटिंगमधून किती बाहेर पडतंय ते मोजून लिहून ठेव.