फर्टिलिटी क्लिनिकच्या शोधनिबंधांवरून क्लिनिकचा दर्जा ठरवता येतो का?

माहितीपत्रकात पन्नासेक शोधनिबंधांची यादी आहे, त्यावर विसंबून आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) तिथेच करावं का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या यादीवर विसंबू नका. आधी परिषदांमध्ये मांडलेले गोषवारे बाजूला काढा. गोषवारा दोन-तीन परिच्छेदांचा असतो, त्यात पद्धत नीट तपासता येत नाही. जर्नलमध्ये पूर्ण छापलेले निबंध उरतील, तेच वाचा.

निबंध हातात आला की मी पहिल्यांदा टक्केवारीचा छेद बघतो. समजा, १०० जणींनी बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू केली. त्यातल्या ९० जणींची बीजं काढली, ६० जणींच्या गर्भाशयात भ्रूण सोडला. ३० जणींची बीटा-एचसीजी (गर्भधारणेची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली, २४ जणींच्या सोनोग्राफीत ठोके दिसले आणि २० जणींना बाळ झालं. ३० भागिले ६० केलं तर यश ५० टक्के. २० भागिले १०० केलं तर २० टक्के! दोन्ही हिशेब बरोबरच आहेत, पण उपचार सुरू करणाऱ्या बाईच्या कामाचा दुसरा. (काही भ्रूण फ्रीझ करून नंतर सोडले असतील, तर एका बीजकाढणीमागचा एकत्रित जन्मदर, म्हणजे ताजे आणि फ्रीझ केलेले सगळे भ्रूण धरून काढलेला, मागा.) वयोगटही बघा. पस्तिशीच्या आतल्यांचा आकडा चाळिशीतल्या बाईला लागू होत नाही.

मग तुलना कोणाशी केली ते पाहा. जुन्या केसपेपरांवरून केलेल्या अभ्यासात जादा उपचार कोणाला द्यायचा हे डॉक्टरांनीच ठरवलेलं असतं, त्यामुळे दोन्ही गट मुळातच सारखे नसतात. एंडोमेट्रियल स्क्रॅचिंगचं उदाहरण घ्या. आयव्हीएफआधी बारीक नळीने गर्भाशयाचं अस्तर खरवडायचं, की भ्रूण चांगला रुजतो, असं छोट्या अभ्यासांवरून वाटत होतं. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १,३६४ स्त्रियांची चाचणी आली. त्यात चिठ्ठी टाकावी तसे गट पाडले होते. जिवंत बाळ जन्माचं प्रमाण दोन्ही गटांत २६.१ टक्के निघालं. म्हणजे या चाचणीपुरतं तरी ते दुखणं बायकांनी फुकट सोसलं होतं.

निबंध अशा चाचणीचा असेल तर तिचा नोंदणी क्रमांक शोधा आणि चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत (रजिस्ट्रीत) ती नोंद उघडा. पहिली रुग्ण घेण्याआधी नोंदणी झाली होती का, आणि तेव्हा ‘बाळाचा जन्म’ मोजायचं ठरवून निबंधात ‘गर्भधारणा’ मोजली आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. आपलाच उपचार निरुपयोगी ठरल्याचं छापणारं क्लिनिक दिसलं, तर माझा त्याच्यावर जास्त विश्वास बसतो.

भेटीला जाल तेव्हा एवढंच विचारा: माझ्या वयाच्या किती जणींनी गेल्या वर्षी उपचार सुरू केले आणि त्यातल्या किती जणींना बाळ झालं?