दादाचा ड्राफ्टर

बाळा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी ओपीडीच्या आधी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. मेडिकलचं पीजी सोडते, कुठेतरी नोकरी धरते आणि दादाचे पैसे फेडते, त्याने माझ्यासाठी इंजिनिअरिंग सोडलं, दुकानात बसला, एवढी माझी लायकी आहे का मॅडम, असं लिहिलंयस. फोन केला असता पण तू रडायला लागतेस आणि मग मलाही बोलता येत नाही, म्हणून लिहितेच.

तुला डंकर्कचं सांगते. दुसरं महायुद्ध, १९४० चा मे महिना, फ्रान्सचा उत्तर किनारा, ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याला जर्मन फौजांनी रेटत रेटत आणलेलं आणि मागे समुद्र. इंग्लंडमधला अंदाज असा की दोन दिवसांत फार तर ४५,००० माणसं काढता येतील, आणि २६ मे ते ४ जूनमध्ये निघाली ३,३८,२२६. सगळे छोट्या होड्यांबद्दल बोलतात, ते खरंच आहे, पण जास्त माणसं बंदराच्या पूर्वेच्या लांबलचक अरुंद धक्क्यावरून जहाजात चढली, वरून बॉम्ब पडत असताना रांगेत उभं राहून. तोफा, ट्रक सगळं तिथेच टाकलं. मुंबईहून बोटीने गेलेल्या भारतीय खेचर कंपन्याही होत्या त्यात, माणसं निघाली, खेचरं सोडून यावी लागली.

पण ही निघाली कारण दुसरी कोणीतरी थांबली. शेजारच्या कॅले बंदरात लढणाऱ्या ब्रिटिश ब्रिगेडियर निकल्सनला कळवलं गेलं की तुम्हाला न्यायला जहाजं येणार नाहीत, लढत राहा. तो १९४३ मध्ये कैदेतच वारला. लील शहरात फ्रेंच फौज वेढ्यात अडकून लढत राहिली, आणि डंकर्कभोवतीचं संरक्षणाचं कडं शेवटपर्यंत धरणारे हजारो फ्रेंच सैनिक पकडले गेले.

मला मात्र आठवतो तो डंकर्कचा एक ब्रिटिश सर्जन, फिलिप न्यूमन. गावाबाहेर एका मोठ्या बंगल्यात त्यांचं हॉस्पिटल होतं, खोल्या, व्हरांडे जखमींनी भरलेले. स्ट्रेचर जहाजात बरीच जागा खातं म्हणून पडून असलेल्यांना न्यायचं नाही असं ठरलं, आणि ऑर्डर आली की दर शंभर जखमींमागे एक अधिकारी आणि दहा जवान त्यांच्यासोबत थांबतील, म्हणजे जर्मनांच्या हाती लागतील. चिठ्ठ्या टाकल्या. सतरा अधिकारी, आधी निघालेली नावं घरी जाणार, शेवटची तीन थांबणार. न्यूमनचं नाव सगळ्यात शेवटी, सतरावं.

मी तुझ्याएवढी असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं हा अन्याय आहे. आता वाटतं त्या खोलीत एक गोष्ट फार नीट झाली, कोण जास्त लायक हे कोणीच ठरवलं नाही. जे चौदा घरी गेले ते जास्त चांगले सर्जन होते म्हणून गेले नाहीत, आणि धक्क्यावरच्या रांगेतही कोणी कोणाची मार्कशीट बघत नव्हतं. न्यूमन १९४२ मध्ये निसटून घरी पोचला, पुढे १९६२ मध्ये चर्चिलची मांडी मोडली तेव्हा उपचार करणाऱ्या सर्जनांमध्ये तो होता, पण चिठ्ठी उचलणाऱ्या हाताला हे कुठे माहीत होतं.

म्हणून लायकीचा प्रश्न सोड, त्याला उत्तर नाही आणि तो तुला पोखरेल. पण किंमत खरी आहे, ती नाकारू पण नकोस. दादाची दोन वर्षं गेली, मित्र पुढे गेले, त्याचं गणित तुझ्याहून चांगलं होतं असं तूच म्हणायचीस. ते पैशांत मोजलंस की तुझ्या पगारातून फिटल्यासारखं वाटेल आणि दादाच्या वाट्याला काहीच यायचं नाही. शिवाय आत्ता सीट सोडलीस तर त्याने सोडलेलं कॉलेज पण वाया आणि तुझं पण, हे मी कडक शब्दात सांगतेय, राग आला तर येऊ दे.

आणि एक विचारते, तुझ्या घरात चिठ्ठ्या टाकल्या होत्या, का दादा स्वतः उठला, का बाबांनी कॅलेसारखी ऑर्डर दिली? तुला माहीत नाही ना. इतक्या वर्षांत विचारलंच नाहीस तू त्याला.

आज ड्युटी नाहीये तुझी. साडेनऊला दुकानाचं शटर पडतं म्हणालीस, त्यानंतर फोन लाव. पैशांचा विषय काढू नकोस. कपाटावर तो अजून त्याचा इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा ड्राफ्टर ठेवतो, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तिथून सुरुवात कर.

तुझी मॅडम