घरीच शिकवायचं, पण मग नुसतं पाठांतर का?

प्रश्न: मुलगी ७ वर्षांची आहे, तिला शाळेत न पाठवता घरीच क्लासिकल पद्धतीनं शिकवायचा विचार चाललाय. पण त्यात सुरुवातीला सगळं पाठांतरच दिसतंय, मामंजी म्हणतात पोरीचा पोपट करणार काय? आणि दहावीचं काय?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, मामंजींची काळजी रास्त आहे, पण पाठांतर ही फक्त पहिली पायरी. या क्लासिकल पद्धतीच्या मुळाशी आहे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही मध्ययुगीन युरोपातली विषयांची त्रयी, १९४७ साली इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी ऑक्सफर्डमधल्या भाषणात ती मुलांच्या वयाशी जोडली, म्हणजे लहानपणी पाठ करायला आवडतं, पुढं उलट प्रश्न विचारणं सुरू होतं, आणि मग स्वतःचं म्हणणं मांडायची हौस येते. या पद्धतीत तिकडं लॅटिन शिकवतात, पण लॅटिनच पाहिजे असं माझ्या मते तरी नाही, आपण संस्कृत घ्यावं, अमरकोश (संस्कृत शब्दांचा श्लोकबद्ध कोश) थोडा थोडा, पाढे पावकी-निमकीसकट, आणि मोरोपंतांच्या आर्या तर घ्याच घ्या, त्यांचा जन्मच पन्हाळ्याचा, तिला गडावर नेऊन म्हणायला लावा की! फक्त पाठ झालं की लगेच स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचं, हे राहिलं तर मामंजी म्हणतात तेच होईल बघा. पुस्तकांना करवीर नगर वाचन मंदिर आहेच.

दहावी एनआयओएसमधून (म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून) देता येते, वय १४ पूर्ण लागतं. तर्काची पुस्तकं आत्ताच काढू नका, अजून ४-५ वर्षं आहेत, आणि संध्याकाळी तिला गल्लीतल्या पोरांत खेळायला रोज सोडा.