विंडोज अपडेटनंतर आवाज गेला: मदरबोर्डाचे पैसे भरण्याआधी हे करून बघा

विंडोज ११ अपडेट झाल्यापासून स्पीकरच्या चिन्हावर फुली, डिव्हाइस मॅनेजरमधून (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) रिअलटेकचं, म्हणजे आवाजाच्या चिपचं, नावच गायब आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय ‘साउंड आयसी गेला, मदरबोर्ड बदला’. तुमचं हे वर्णन वाचलं आणि म्हटलं, अरे, हे तर आपलंच जुनं दुखणं! म्यूट, ट्रबलशूटर, रीस्टार्ट करून झालं असेलच, त्यात शिरत नाही.

आधी बोर्डाचा निकाल लावा. पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टम) घ्या, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडून काहीही वाजवा. आवाज आला तर आयसी ठणठणीत आहे. नाही आला तर मात्र लगेच बोर्डाला दोष देऊ नका. अगदी नव्या मॉडेलवर उबुंटूही कधीकधी मुका राहतो. (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर नसती आफत.) ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. सर्व्हिस सेंटरला तेवढाही वेळ नसतो. मला कोटेशन देताना त्यांच्या फॉर्मवर ‘सॉफ्टवेअर तपासले’ पुढे टिक होती, लॅपटॉप मात्र चालूसुद्धा केला नव्हता!

आता खरी गोम. बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये रिअलटेक थेट विंडोजला दिसत नाही. मध्ये इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीचा कंट्रोलर असतो. त्याचा ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) बिघडला की मागचा रिअलटेक दिसतच नाही. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘साउंड’च्या यादीत शोधू नका, ‘सिस्टम डिव्हाइसेस’ उघडा. इंटेल स्मार्ट साउंडच्या ओळीवर पिवळा त्रिकोण असेल तर दुखणं तिथे आहे. अशा वेळी नेटवरून मिळेल तो रिअलटेक टाकत बसणं म्हणजे मेन स्विच बंद ठेवून बल्ब बदलणं.

ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून, सीरियल नंबर टाकून घ्या. आधी इंटेलचा, रीस्टार्ट, मग रिअलटेकचा, पुन्हा रीस्टार्ट. शट डाउन करून परत चालू करणं चालणार नाही. फास्ट स्टार्टअप या विंडोजच्या सोयीमुळे ते पुरतं बंद होत नाही. आणि जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करत असाल तर ड्रायव्हर डिलीट करायच्या चौकटीत टिक नको. नवा ड्रायव्हर हाताशी नसताना जुनाही गेला की बसा बोंबलत.

तरीही जमलं नाही तर त्या इंटेलच्या ओळीवर ‘अपडेट ड्रायव्हर’, मग संगणकातूनच यादी मागवा आणि ‘हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर’ निवडा. बहुतेकदा स्पीकर बोलू लागतात, पण आतला माइक जाऊ शकतो. मीटिंगा असतील तर वायरचा हेडसेट जवळ ठेवा. काही नव्या मॉडेलवर ही युक्ती चालत नाही. एएमडी प्रोसेसरवाल्यांना यातलं इंटेलचं काहीच लागू नाही, आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हात लावू नका, आयटीला सांगा.

मोठं अपडेट मागे घ्यायचं असेल तर सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तला ‘गो बॅक’ साधारण १० दिवसच मिळतो. आज कितवा दिवस आहे ते आधी मोजा, आणि तोवर डिस्क क्लीनअपमधून जुनं विंडोज उडवू नका.