डोपामिन वाढवायला काय खावं? केळ्यात ते असतं म्हणतात, खरं का?

असतं, सालीत तर बरंच. डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन. पण खाल्लेलं डोपामिन मेंदूत शिरत नाही, रक्त आणि मेंदूमधला अडसर त्याला बाहेरच थोपवतो. केळं आवडत असेल तर खा, बाकी काही होणार नाही.

माझी चिडचिड तुमच्यावर नाही. आमच्या अण्णांना पार्किन्सन्स आहे, हालचाली जखडणारा मेंदूचा आजार. त्यात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हे डोपामिन मेंदूत कमी पडतं, असं 1960 मध्ये व्हिएन्नात मृत रुग्णांचे मेंदू तपासून दाखवलं गेलं. म्हणून गोळीत डोपामिन नसतं, लेव्होडोपा असते. ती अडसर ओलांडते आणि आत जाऊन डोपामिन होते. वाटेतच तिचं डोपामिन होऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा.

आता खरी गोम. लेव्होडोपा आत जाते ती प्रथिनांतल्या अमिनो आम्लांच्याच वाहकावरून. एसटी एकच, आणि दूध-डाळीची मंडळी आधीच जागा धरून बसलेली. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. पण आत्या आली की, "रिकाम्या पोटी गरम पडेल," म्हणत पेलाभर दुधाबरोबर देणार! मग अण्णा मोरीच्या उंबऱ्यापाशी थिजतात. धड पुढे झुकलेलं, पाय खिळलेले, बोटांनी चौकट घट्ट धरलेली. फरशीवर मी रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात, त्या दिसल्या की पाऊल उचलतं. आत्याचं निदान काय, तर "मनाचं आहे सगळं, दादा. आनंदी राहा, डोपामिन वाढेल."

हे "आनंदाचं रसायन" प्रकरण डोक्यात जातं. शर्टाचं बटण लावायलाही तेच लागतं. रसायन एकच, पण पेशीवरच्या डी-1 रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, बसलं की पेशी चेतवतं, डी-2 वर बसलं की आवरतं. आणि औषधाने जास्त झालं तर नसलेली माणसं दिसायला लागतात. तेव्हा धडधाकट माणसाने "वाढवायचं" कशाला? नीट झोपा, चाला.

हो, गोळीच्या वेळा सगळ्यांना सारख्या नसतात. सुरुवातीला मळमळ होते म्हणून डॉक्टर साध्या बिस्किटाबरोबरही द्यायला सांगतात. प्रथिनं तोडू तर अजिबात नका, वजन उतरतं. आमच्याकडे डाळ-उसळ रात्री असते.

आणि आत्याने आणलेलं खाजकुइलीचं चूर्ण. त्या बियांत लेव्होडोपा आहे हे मान्य, दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्येच ती वेगळी काढली होती. पण चमचाभर चूर्णात किती मिलिग्रॅम, हे त्या डबीवर कुठे लिहिलंय? गोळी चालू असताना वरून हे दिलं तर डोस जास्त होऊन हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायला लागतात. आत्या, वाचत असशील तर दिवाळीला येशील तेव्हा डबी घेऊन जा. आणि दूध रात्री दे.